रानाशी बोलणे, रानाविषयी बोलणे : देवराईच्या ज्ञानव्यवहाराचा इतिहास

१

निसर्गापासून माणसाला काय मिळते याची यादी करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. त्या यादीत ‘सांस्कृतिक’ असा स्वतंत्र रकाना आखण्याची प्रवृत्ती मात्र अलीकडची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केलेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने निसर्गाच्या ‘सेवां’ची चार गटांत विभागणी केली. अन्न, पाणी, लाकूड यांचा पुरवठा हा पहिला गट. हवामान, पूर, रोगराई यांचे नियमन हा दुसरा. मातीची घडण, पोषकद्रव्यांचे चक्र यांसारखा आधार हा तिसरा. आणि सौंदर्यानुभव, आध्यात्मिक समाधान, विरंगुळा, परंपरेचे भान यांना सामावून घेणारा ‘सांस्कृतिक’ हा चौथा. पर्यावरणविषयक धोरणाच्या भाषेत ही विभागणी रुळली. तिच्यामुळे एक इष्ट गोष्ट घडली. जे लाकडाच्या घनफुटांत मोजता येत नाही तेही मोलाचे असू शकते, ही कबुली शासकीय कागदपत्रांत प्रथमच इतक्या स्पष्टपणे उमटली.

परंतु ‘लाभ’ किंवा ‘सेवा’ हे शब्द स्वीकारताना त्यांच्याबरोबर एक वाक्यरचनाही स्वीकारली जाते. तिच्यात लाभ घेणारा कुणी माणूस असतो, लाभ देणारी एखादी वस्तू असते, आणि या दोहोंच्या बाहेर उभा राहून देवघेवीची नोंद करणारा तिसरा कुणी असतो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर ही संपूर्ण वाक्यरचना तृतीयपुरुषी आहे. निसर्ग तीत ‘ते’ किंवा ‘तो’ असतो. ‘तू’ कधीच नसतो. ज्या समाजांत रानाशी असलेले नाते प्रामुख्याने द्वितीय पुरुषात, म्हणजे संबोधनात, व्यक्त होत आले, त्यांच्या अनुभवाचे या चौथ्या रकान्यात नेमके काय होते, हा प्रश्न म्हणून पर्यावरणशास्त्राइतकाच साहित्यशास्त्राचाही ठरतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार देवराईच्या संदर्भात केला आहे. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाडबंदी असलेली राने सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर आहेत, आणि गेल्या सुमारे दीडशे वर्षांत त्यांच्याविषयी वेगवेगळ्या ज्ञानपद्धतींनी लिहिले आहे. या लेखनाचा इतिहास तपासला असता असे दिसते, की देवराईत काय ‘आढळले’ हे बहुतांशी तिच्याविषयीचे ज्ञान कोणत्या वाङ्मयप्रकारात बांधले गेले यावर ठरत गेले. गॅझेटिअरचे प्रकरण, प्रश्नावलीचे उत्तर, शास्त्रीय शोधनिबंध, शासकीय अधिसूचना आणि देवापुढे घातलेले गाऱ्हाणे हे सगळे ज्ञानाचे आकारबंध आहेत, आणि प्रत्येक आकारबंध काही गोष्टी दृश्य करतो, काही झाकतो.

२

प्रारंभ नावांपासून करणे योग्य. आज ‘देवराई’ हा शब्द प्रमाण झाला असला तरी त्याचे हे प्रामाण्य बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या लेखनातून आले आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात राई किंवा देवराई म्हणतात. दक्षिण कोकणात देवरहाटी. देशावर कित्येक ठिकाणी नुसते बन, किंवा देवाचे रान. गोव्यात राई, देवराय. यांतील ‘देवरहाटी’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. रहाटी म्हणजे वहिवाट, चालरीत. ‘जगरहाटी’ या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. त्यामुळे ‘देवरहाटी’ हा शब्द मराठी कानाला झाडांच्या समूहाबरोबरच एका वागणुकीचीही सूचना देतो. रान आणि रानाशी वागण्याची रीत यांना मिळून एकच नाम आहे, असे तो शब्द ऐकताना वाटते.

या वागणुकीचा वाङ्मयीन आविष्कार म्हणजे गाऱ्हाणे. सिंधुदुर्गाच्या परिसरात गावकर किंवा मानकरी देवस्थानापुढे उभा राहून सातेरी, रवळनाथ, वेतोबा अशा देवतांना, सीमेवरच्या राखणदारांना, पूर्वजांना नावानिशी हाक मारतो, गावाची अडचण किंवा संकल्प सांगतो, चूकभूल पदरात घेण्याची विनवणी करतो, आणि जमलेले ग्रामस्थ प्रत्येक टप्प्यावर ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. गाऱ्हाण्याची रचना तपासली तर तीन विशेष दिसतात. पहिला विशेष असा, की ते सर्वस्वी संबोधनपर आहे. त्यात वर्णन जवळजवळ नसते. दुसरा विशेष असा, की ते सामूहिक दुजोऱ्यावाचून पूर्ण होत नाही. आणि तिसरा विशेष असा, की ते उत्तराची अपेक्षा धरते. हे उत्तर कौलाच्या रूपाने मिळते. पाषाणावर लावलेली पाकळी किंवा कळी कोणत्या बाजूने पडते यावरून देवाची संमती किंवा नकार वाचला जातो. राईतले झाड तोडायचे तर कौल घ्यावा लागतो, अशी अनेक गावांची रीत आहे.

येथे ‘लाभ’ ही कोटी अस्तित्वातच नाही असे नाही. पाऊस पडावा, गुरे नीट राहावीत, गावावरचे विघ्न टळावे, असे मागणे गाऱ्हाण्यात असतेच. पण हा लाभ मागितलेला असतो, मोजलेला नसतो. तो देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो आणि त्याच्या बदल्यात घेणाऱ्यावर काही बंधने येतात. लाभ येथे ऋणाच्या भाषेत येतो. शिवाय लाभ देणारी देवता आणि लाभ ज्यातून येतो ते रान यांची फारकतही पक्की नसते. सातेरीची पूजा अनेक ठिकाणी वारुळाच्या रूपात होते. देवता मातीत राहते असे म्हणण्यापेक्षा माती हेच देवतेचे रूप आहे, असे तेथे म्हणावे लागते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बांबर येथील राई निरंकाराची म्हणून ओळखली जाते. ज्याला आकार नाही त्याच्या नावाने राखलेल्या रानात मूर्तीचे काम रानच करते.

३

वासाहतिक राज्याने रानांकडे पाहण्याचा जो व्यूह उभा केला त्याचे केंद्र लाकूड हे होते. १८६४ मध्ये साम्राज्याचे वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी करून रानावरच्या हक्कांची पुनर्मांडणी केली. जेम्स कँपबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे जिल्हावार खंड प्रसिद्ध झाले ते याच पर्वात. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा.

या खंडांची अनुक्रमणिका ही ज्ञानशास्त्रीय दृष्ट्या त्यांच्या मजकुराइतकीच बोलकी आहे. झाडे, जंगले, जनावरे, मासे ‘उत्पादन’ या प्रकरणात येतात. जाती आणि त्यांचे देवधर्म ‘लोकसंख्या’ या प्रकरणात. देवळे, यात्रा आणि प्रेक्षणीय स्थळे शेवटच्या स्थलवर्णनात. एखाद्या गावाची राई या तीन प्रकरणांपैकी नेमकी कोठे बसावी? तिची झाडे पहिल्यात जातात, तिचा देव दुसऱ्यात, आणि जत्रा मोठी भरत असेल तर तिचे नाव तिसऱ्यात. राई म्हणून जी एकसंध वस्तू गाव ओळखते तिला या अनुक्रमणिकेत जागा नाही. येथे दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. गॅझेटिअरचे लेखक पुष्कळदा कमालीचे साक्षेपी होते. दोष असेल तर तो प्रकरणे पाडण्याच्या पद्धतीत आहे, आणि आजच्या चार सेवागटांच्या विभागणीशी तिचे कूळ जुळते हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ब्रँडिस यांना स्वतःला देवरायांचे कुतूहल होते. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वनविद्येवरील लेखनात त्यांनी अशी राने जवळजवळ सर्व प्रांतांत आढळल्याची आणि धर्मस्थळांच्या दुरुस्तीखेरीज तेथे सहसा कुऱ्हाड चालत नसल्याची नोंद केली. मात्र ज्या इंग्रजी संज्ञेने त्यांचा निर्देश होऊ लागला, तिच्यात लॅटिन आणि बायबली परंपरेतील पवित्र वनांचे संस्कार आधीच मुरलेले होते. जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ या १८९० च्या ग्रंथाचा आरंभच इटलीतील नेमी येथील डायानाच्या वनापासून होतो. त्यापूर्वी १८७१ मध्ये एडवर्ड टायलर यांनी ‘प्रिमिटिव्ह कल्चर’मध्ये ‘अवशेष’ ही संकल्पना मांडली होती. तिच्यानुसार जी चालरीत वर्तमानात निरर्थक भासते ती मानवी विकासाच्या एखाद्या मागच्या पायरीचा उरलेला तुकडा असते. भाषांतराच्या या प्रक्रियेत देवराईला प्रतिष्ठा मिळाली, पण वर्तमानकाळ गमवावा लागला. ती कशाची तरी खूण झाली.

‘अवशेष’ गोळा करण्याचे तंत्र म्हणजे प्रश्नावली. ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यात शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली. १९०९ मध्ये नाशिक येथे त्यांची हत्या झाल्यानंतर आर. ई. एंथोवेन यांनी तिचे संपादन करून गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९२४ मध्ये याच सामग्रीच्या आधारे ‘द फोकलोअर ऑफ बाँबे’ हा ग्रंथ आला. या संग्रहाचे मोल नाकारता येणार नाही. परंतु त्यातील वाक्याचा साचा पाहण्याजोगा आहे. ‘अमुक गावी लोक असे मानतात की...’ या साच्यात मानणारे ‘ते’ होतात, आणि माहिती देणारा मास्तर, जो त्याच गावातला किंवा शेजारच्या गावातला असतो, तो वाक्याबाहेर जातो. सकाळी गाऱ्हाण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणणारा मनुष्य दुपारी त्याच गोष्टीविषयी ‘लोक मानतात’ असे लिहीत असेल, तर त्याच्या ठायी दोन ज्ञानपद्धती एकत्र नांदत होत्या. मराठी सुशिक्षिताच्या पुढच्या शंभर वर्षांच्या दुभंगाचे बीज या शाळामास्तराच्या उत्तरपत्रिकेत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याच काळात रानाविषयी बोलणारा एक सर्वस्वी वेगळा मराठी स्वर उमटला होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने आपल्या ताब्यात घेतल्यामुळे अल्पभूधारक कुणब्याची कशी कोंडी झाली याचे वर्णन आहे. रानातली फळे, पाने, सरपण आणि शेरडामेंढरांचा चारा यांवर ज्यांचा संसार चाले, त्यांचा हिशोब फुले मांडतात. निसर्गलाभांची आधुनिक मराठी गद्यातील ही एक महत्त्वाची यादी होय. पण ती हिरावलेल्या हक्कांची यादी आहे. फुल्यांच्या लेखी रान हे दैवत नाही, सौंदर्याचे अधिष्ठानही नाही. तरीही त्यांची भाषा गॅझेटिअरच्या ‘उत्पादना’शी जुळत नाही, कारण तिच्यात लाभ कोणाचा आणि तो कोणी थांबवला हे दोन्ही कर्ते उघडपणे वाक्यात हजर आहेत. लाभाची भाषा आपोआप निर्जीव होत नाही. कर्ते पुसले की ती निर्जीव होते, हे फुल्यांच्या गद्यावरून शिकता येते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाला दोन भिन्न दिशांनी नवे वळण मिळाले. त्यांतील पहिली दिशा दामोदर धर्मानंद कोसंबी यांची. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी पुण्याच्या आसपासची मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून तपासली. ही ठाणी गावाच्या मध्यभागी नसून जुन्या पायवाटांच्या संगमांवर का असतात, त्यांच्याजवळ सूक्ष्मास्त्रे का सापडतात, असे प्रश्न विचारून त्यांनी नांगरशेतीपूर्व जीवनाशी त्यांचा संबंध जोडला. कोसंबींच्या पद्धतीतही देवस्थान हे भूतकाळाचे साधन आहे. त्या अर्थाने टायलरचा ‘अवशेष’ तेथेही आहे. फरक असा, की येथे तो पुरावा होतो, आणि पुरावा म्हणून तो वर्तमानातल्या माणसांच्या चालण्याशी, वाटांशी, उत्पादनपद्धतीशी बांधलेला राहतो. ग्रंथालयात बसून हा संबंध दिसला नसता. चालणे ही येथे ज्ञानपद्धती आहे.

दुसरी दिशा दुर्गा भागवत यांची. १९५६ या एकाच वर्षी त्यांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ आणि ‘ऋतुचक्र’ ही दोन पुस्तके आली, हा योगायोग सूचक आहे. पहिल्यात लोकज्ञानाच्या अभ्यासाची शास्त्रीय चौकट आहे. दुसऱ्यात वनस्पतीचे निरीक्षण, लोकसमजूत आणि संस्कृत काव्याचा संस्कार एकाच परिच्छेदात एकमेकांत मिसळतात. जे पहिल्या पुस्तकाच्या शिस्तीत सांगता येत नाही त्यासाठी दुसऱ्या पुस्तकाचा ललित आकारबंध जणू लागला. मराठी समीक्षेने ‘ऋतुचक्र’ची चर्चा बहुधा शैलीच्या आणि संवेदनशीलतेच्या अंगाने केली. ते एका वेगळ्या ज्ञानपद्धतीचे लेखन आहे, या अंगाने ती पुरेशी झालेली नाही. ज्ञात्याने स्वतःला वाक्याबाहेर न काढता झाडाविषयी खरे, पडताळता येण्याजोगे विधान करता येते, याचा ‘ऋतुचक्र’ हा पुरावा आहे.

मारुती चितमपल्ली यांचे लेखन या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या लेखकाने खात्याच्या परिभाषेला पर्याय शोधला तो आदिवासी, मासेमार आणि पारधी यांच्या बोलींत, तसेच संस्कृत साधनांत. बगळ्यांच्या सामूहिक वसतिस्थानासाठी ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसतीसाठी ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठी वाचकाच्या ओळखीचे केले. शब्दाचा अभाव म्हणजे पाहण्याचाच अभाव, हे जाणून केलेले हे काम होते. ज्या खात्याच्या अनुक्रमणिकेने रानाचे तुकडे केले, त्याच खात्यातल्या एका माणसाने ते शब्दांनी सांधण्याचा प्रयत्न केला, ही या इतिहासातील एक अर्थपूर्ण घटना होय.

५

देवराई हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला तो १९७० च्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या कामामुळे. १९७३ मध्ये त्यांनी ‘देवरहाटी’ हेच नाव शीर्षकात घेऊन पहिले टिपण सादर केले; १९७५ मध्ये मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात संरक्षणाचे आवाहन करणारा आणि १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवरचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला; १९८१ मध्ये महाराष्ट्रातील देवरायांची सूची आली. शीर्षकांचा हा क्रमही वाचण्यासारखा आहे. देशी नामापासून आवाहनापर्यंत आणि आवाहनापासून सूचीपर्यंत असा तो प्रवास आहे.

शास्त्रीय निबंधाचा आकारबंध देवराईत काय पाहतो? दुर्मिळ जाती, जुन्या वनाचा नमुना, औषधी वनस्पतींचा साठा, झऱ्यांचे पाणलोट. गारंबीसारखी महाकाय वेल, जिचा उपयोग गुरांच्या औषधासाठी होतो, ती आसपासच्या रानांतून नाहीशी होऊनही राईत टिकून राहते, ही नोंद याच पद्धतीची देणगी. पूर्वी जे ‘अवशेष’ म्हणून हिणवले गेले, ते आता ‘ठेवा’ ठरले. हे मूल्यांतर मोठे होते, आणि ते घडवून आणण्यात शास्त्राच्या तृतीयपुरुषी भाषेचाच उपयोग झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वनखात्याला आणि नियोजनकर्त्यांना समजेल अशा भाषेत देवराईची बाजू मांडली गेली ती याच वेळी.

या संदर्भात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाचे उदाहरण मननीय आहे. तेथील राई तोडली जाण्याची वेळ आली तेव्हा ग्रामस्थांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली. राई गेली तर तिच्यातून वाहणारा आणि गावाला पाणी पुरवणारा ओढा आटेल, हे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासकांनी ते वनखात्यापुढे मांडले आणि तोड टळली. या घटनेचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो, की ग्रामस्थांच्या श्रद्धेच्या तळाशी एक व्यावहारिक, परिसरशास्त्रीय शहाणपण दडलेले होते आणि शास्त्राने ते उकलून दाखवले. हा अर्थ आकर्षक आहे, पण तो एका मुद्द्यापाशी अडखळतो. ग्रामस्थांना पाण्याचे ज्ञान नव्याने झाले नव्हते. ते त्यांनी स्वतःहून सांगितले. प्रश्न हा, की त्यांनी ते कोणाला सांगितले. देवापुढे बोलताना पाण्याचा युक्तिवाद करावा लागत नाही; देवाला तो ठाऊक असतो. खात्यापुढे बोलताना मात्र देवाचा युक्तिवाद चालत नाही; खात्याला पाणी समजते. तेच गाव, तेच रान, पण श्रोता बदलला की ज्ञानाचा प्रकट होणारा भाग बदलतो. श्रद्धा हे टरफल आणि उपयुक्तता हा गाभा असे समजणे म्हणूनच चुकीचे होईल. दोन्ही एकाच ज्ञानाची, दोन वेगळ्या श्रोत्यांसाठी झालेली कथने होती. कथनमीमांसेला परिचित असलेली ही गोष्ट पर्यावरणाच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

६

यानंतरच्या काळात देवराई कायद्याच्या आणि आंतरराष्ट्रीय मूल्यांकनांच्या भाषेत शिरली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक ज्ञानाच्या नोंदीला आणि ‘जैवविविधता वारसास्थळ’ या संकल्पनेला वैधानिक रूप दिले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील गोड्या पाण्याची जायफळवर्गीय दलदल २०२१ मध्ये असे वारसास्थळ म्हणून घोषित झाली. अशा दलदलींतील झाडांची मुळे श्वासासाठी गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात; पश्चिम घाटातील ही अशी सर्वांत उत्तरेकडची दलदल असल्याची शास्त्रीय नोंद २०१८ मध्ये झाली होती. पण हे स्थान तत्पूर्वी अज्ञात नव्हते. गावासाठी ती भालांडेश्वराची देवराई होती, आणि ती देवराई होती म्हणूनच दलदल उरली होती. अधिसूचनेत स्थानाची ओळख वनस्पतीच्या नावाने होते, गावात देवाच्या नावाने. दोन्ही नावे खरी आहेत. पण कायद्यापुढे नाव एकच टिकते, आणि जे नाव टिकते त्याच्या आधारे पुढे राखण कोणी करायची, प्रवेश कोणाला द्यायचा, भंग कशाला म्हणायचे, हे ठरत जाते. नावाचा प्रश्न म्हणजे अधिकाराचाही प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘सेवा’ या शब्दाची अपुरेपणाची जाणीव मूल्यांकनकर्त्यांनाही झाली. जैवविविधता आणि परिसंस्था-सेवांविषयीच्या २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय व्यासपीठाने ‘निसर्गाचे माणसांसाठीचे योगदान’ ही पर्यायी संकल्पना स्वीकारली. या मांडणीत संस्कृती हा चार रकान्यांपैकी एक राहत नाही. प्रत्येक योगदान कोणत्या ना कोणत्या संस्कृतीच्या चष्म्यातूनच समजते, असे मानले जाते, आणि आदिवासी व स्थानिक ज्ञानाला त्याच्या स्वतःच्या अटींवर स्थान देण्याचा आग्रह धरला जातो. त्याच व्यासपीठाच्या २०२२ च्या मूल्यविषयक अहवालाने निसर्गाशी असलेल्या नात्याच्या चार रीती मांडल्या : निसर्गावर जगणे, निसर्गासह जगणे, निसर्गात जगणे आणि निसर्ग होऊन जगणे.

ही चार शब्दयोगी रूपे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात. नामांच्या यादीकडून संबंधदर्शक शब्दांकडे झालेला हा प्रवास आहे. गॅझेटिअरच्या अनुक्रमणिकेपासून तो बराच दूर आला आहे. तरीही त्यात एक रिती जागा आहे. निसर्गावर, निसर्गासह, निसर्गात, निसर्ग होऊन असे सगळे आहे. ‘निसर्गाशी बोलून’ असे नाही. गाऱ्हाण्याने जी रीत जपली ती या चारांत पूर्णपणे मावत नाही. संबोधनाला उत्तराची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि नकार देऊ शकणाऱ्या रानासाठी कोणत्याही मूल्यांकनात अजून रकाना नाही.

७

येथवरच्या विवेचनातून लोकज्ञान विरुद्ध शास्त्र, देशी विरुद्ध परकीय, असा सरळ निवाडा काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. देशीयतेच्या चर्चेने मराठी समीक्षेला जे आत्मभान दिले त्याचे ऋण मान्य करूनही हा मोह टाळला पाहिजे. त्याची कारणे देवराईच्या इतिहासातच आहेत.

गाऱ्हाणे द्वितीय पुरुषी असले तरी ते घालण्याचा अधिकार सर्वांना नसतो. तो गावऱ्हाटीतल्या ठराविक घराण्यांचा, आणि बहुधा पुरुषांचा मान असतो. अनेक देवरायांत स्त्रियांना, विशेषतः विटाळाच्या कल्पनेमुळे, मज्जाव असे; दलितांना अंतरावर उभे राहावे लागे. सरपणासाठी, रानभाजीसाठी रोज रान तुडवणाऱ्या बाईचे रानाविषयीचे ज्ञान गाऱ्हाण्यात उमटत नाही. ते शोधायचे तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून आणि अन्यत्र जमवलेल्या ओव्यांचा प्रचंड संग्रह या दृष्टीने अजून पुरता वाचला गेलेला नाही. तिथेही संबोधन आहे, पण ते मान मिळालेल्याचे नाही. राबणाऱ्या बाईचे आहे.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. कौल हा नकाराचे साधन असतो, तसा तो होकाराचेही असतो. देवाच्या नावाने राखलेली राई देवाच्याच नावाने, जीर्णोद्धारासाठी, तोडली गेल्याची उदाहरणे सह्याद्रीत जागोजाग आहेत. पावसात उभा असलेला तांदळा छपराखाली येतो, छपराचे सिमेंटचे शिखर होते, शिखरासाठी रान मोकळे होते. संबोधन तेच राहते, फक्त ज्याला उद्देशून बोलायचे तो रानातून निघून गाभाऱ्यात जातो. रान आणि देव यांची जी फारकत गॅझेटिअरने कागदावर केली, ती येथे गावानेच प्रत्यक्षात आणलेली असते. म्हणजे तृतीयपुरुषी ज्ञान हे बाहेरूनच येते असे नाही. ते आतूनही उगवते.

तेव्हा प्रश्न कोणती ज्ञानपद्धती श्रेष्ठ हा नाही. प्रत्येक पद्धतीत कोणाला बोलता येते आणि कोणाविषयी बोलले जाते, हा आहे. शास्त्रीय सूचीने देवराईला खात्यापुढे वाचा दिली. फुल्यांच्या गद्याने रानावर जगणाऱ्याला कर्तेपण दिले. कोसंबींच्या पायपिटीने देवतेला इतिहास दिला. दुर्गाबाईंच्या ललित गद्याने ज्ञात्याला पुन्हा वाक्यात आणले. यांपैकी एकालाही ‘सांस्कृतिक लाभ’ या एका शीर्षकाखाली बंद करता येत नाही, कारण हे सारे लाभाविषयीचे वेगवेगळे दृष्टिकोन नसून लाभ म्हणजे काय याचीच वेगवेगळी उत्तरे आहेत.

साहित्याच्या अभ्यासकासमोर यातून एक निश्चित काम उभे राहते. लोकजैवविविधता नोंदवह्या आज गावोगावी तयार झाल्या आहेत, आणि ठरलेल्या तक्त्यांत भरलेली वनस्पतींची, प्राण्यांची, उपयोगांची नावे हा त्यांचा मुख्य ऐवज आहे. गाऱ्हाणे, कौल, ओवी, राखणदाराची कथा यांचा त्यांत समावेश करायचा तर तो कोणत्या आकारबंधात करावा, जेणेकरून संबोधनाचे रूपांतर ‘लोक मानतात’ या वाक्यात होणार नाही, हा संहितेचा, संपादनाचा आणि वाङ्मयप्रकाराचा प्रश्न आहे. तो परिसरशास्त्रज्ञांवर सोपवून मराठीच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी शाळामास्तराने जी उत्तरपत्रिका लिहिली तिच्यात त्याचा स्वतःचा ‘होय म्हाराजा’ नव्हता. पुढची उत्तरपत्रिका लिहिताना तो कोठे लिहायचा, याची जागा आधी ठरवावी लागेल.